पोटखराबा

मराठी कवितेने कोकणाला एक रंग कायमचा देऊन टाकला आहे. कवी माधवांच्या 'हिरवे तळकोकण' या कवितेचे नुसते शीर्षक उच्चारले तरी पुढचे चित्र मनात आपोआप उभे राहते : माड, पोफळी, खाडी, व्हाळाकाठची आगरे. हे चित्र खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतून वैशाखात घाटी चढून जो वर गेला असेल त्याला ठाऊक आहे, की पंधरा-वीस मिनिटांच्या चढणीनंतर हा रंग संपतो. विरळ होत होत संपत नाही, एका गडग्यापाशी थांबतो आणि पलीकडे काळा, खडबडीत, सपाट कातळ सुरू होतो. सावली नाही, पाणी नाही, माणूस नाही. याला तिकडे 'सडा' म्हणतात.

देशावरच्या वाचकाला सडा म्हटले की अंगणातला शेणसडा किंवा प्राजक्ताच्या फुलांचा सडा आठवतो. दक्षिण कोकणात मात्र तो डोंगराच्या उघड्या, पसरट माथ्याला मिळालेला शब्द आहे. हा खडक जांभ्याचा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारमधल्या अंगाडीपुरमच्या अशाच दगडाचे वर्णन केले आणि विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. कारण तो विटेसारखा कापता येतो आणि घरबांधणीला वापरता येतो. आमच्याकडे त्या विटेला चिरा म्हणतात. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, हवा आणि ऊन लागले की घट्ट होतो. सड्याचा वरचा थर हजारो वर्षे हवा-ऊन खात पडलेला असल्यामुळे तो लोखंडासारखा कठीण झालेला आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारी ही भूमी आठ महिने वाळवंटासारखी असते. पाऊस पडत नाही ते वाळवंट, अशी जी व्याख्या आपण शाळेत पाठ केली तिच्यात सडा बसत नाही. उंचीच्या हिशेबातही तो बसत नाही. समुद्रसपाटीपासून काही शे फूट, एवढीच याची उंची. पण तो थेट समुद्राच्या अंगावर उभा असल्यामुळे वर गेलेल्याला आपण फार उंच आलो आहोत असे वाटत राहते.

या सड्याशी माझे नाव जोडले गेले ते सातबाऱ्यावर. परुळ्याच्या बाजूला माझे आजोळ. आई गेल्यानंतर वारसनोंद झाली आणि एकोणीस सहहिस्सेदारांच्या यादीत शेवटचे नाव माझे आले. कोकणातल्या सामाईक जमिनींची ज्यांना कल्पना आहे त्यांना एकोणीस ही संख्या कमीच वाटेल. त्या उताऱ्यावर लागवडीचे क्षेत्र अगदी थोडे, आणि उरलेले सारे एका शब्दाखाली घातलेले : पोटखराबा.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या शब्दापाशी थोडे थांबायला हरकत नाही. यातले 'पोट' म्हणजे उदर नव्हे. पोटहिस्सा, पोटकलम, पोटजात यांत जे पोट आहे तेच हे. 'खराब' अरबी-फारसीतून आलेला, मूळ अर्थ उद्ध्वस्त, उजाड. तेव्हा एखाद्या सर्व्हे नंबराच्या पोटात असलेला, लागवडीला निरुपयोगी म्हणून आकारणीतून वगळलेला तुकडा तो पोटखराबा. त्यातही 'अ' आणि 'ब' असे वर्ग आहेत. 'ब' वर्गात रस्ता, ओढा अशा सार्वजनिक वापराची जागा येते. म्हणजे तिला निदान वहिवाट तरी असते. आमचा 'अ'. खडकाळ, म्हणून नापीक, म्हणून बिनआकारी. महसूल खात्याने हा शब्द कर माफ करण्यासाठी घडवला, हे त्याच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. परंतु कर माफ करणारा शब्द पुढे किंमत ठरवणारा शब्द होतो, आणि मग त्या जागेत काहीच नाही असे सर्वांना मनापासून वाटू लागते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा वर्ग आहे. उपग्रहातून पाहिले तरी निष्कर्ष तलाठ्याचाच.

चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि आसपासच्या पोटखराब्याला गिऱ्हाईक येऊ लागले. आमच्या तुकड्यालाही आले. सड्याच्या पश्चिम टोकाला, जेथून समुद्र आणि कर्ली नदीचे मुख एकाच वेळी दिसते, तेथे घरे बांधण्याचा कोणाचा तरी विचार होता. मामांचा फोन आला. "सगळ्यांच्यो सयो झाल्यो. तुझी तेवडी रवली. पण आदी येवन एकदा बघून जा. तुझ्या आवशीक ठावक होता, तुका खय ठावक?"

आम्ही पहाटे पेज घेऊन निघालो. मामा शहात्तर वर्षांचे. डोक्याला पंचा, हातात काठी, कमरेला कोयता. परुळ्याच्या आदिनारायणाला बाहेरूनच हात जोडून ते पुढे झाले. हे सूर्याचे देऊळ आहे, आणि त्या दिवशी जे पुढे वाढून ठेवले होते ते पाहता दर्शन घेऊनच निघणे योग्य होते. काजूच्या बागेतून, रायवळ आंब्यांखालून, जांभ्याच्या झिजलेल्या पायऱ्यांची घाटी चढून आम्ही वर आलो तेव्हा सात वाजले असतील. कातळ अजून थंड होता.

सडा लांबून काळा दिसतो. तो काळेपणा पावसाळ्यात उगवून उन्हाळ्यात करपणाऱ्या शेवाळाचा आणि दगडफुलाचा. कोठे टवका उडाला की आतून तांबडा-जांभळा रंग दिसतो. मध्ये मध्ये खळगी, त्यांत मूठभर माती, मातीत वाळून पिवळे पडलेले गवत. चालताना काही ठिकाणी पायाखाली पोकळ आवाज येतो, जणू खाली खोली आहे. आठच्या सुमारास टाचांना उष्णता जाणवू लागली आणि नऊला दूरचा कातळ पाण्यासारखा हलू लागला. टिटवीची एक जोडी बराच वेळ आमच्या डोक्यावरून ओरडत सोबत आली. तिची अंडी जवळपास उघड्यावर असणार. ती दगडांत दगडासारखी दिसतात, म्हणून मामा मधूनच मला वळसा घालायला लावत. दुसरा वळसा फुरशासाठी. "हय जनावर आसता. पाय बघून टाक." साप हा शब्द सड्यावर उच्चारायचा नाही हे आजोळच्या संस्कारात होतेच. वीतभर-हातभर लांबीचे, जांभ्याच्याच रंगाचे हे जनावर येथे इतके होते, की ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याचाच भाग) ते मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे.

पुढे विमानतळाचे कुंपण लागले. मामांच्या तरुणपणी भोगव्याकडे जायची वाट येथून सरळ होती, आता ती कुंपणाच्या कडेने फिरून जाते. मामांना त्याचे फारसे काही वाटत नव्हते. मुंबईचा मुलगा पहिल्यांदा विमानाने आला त्या दिवशी ते येथे उभे राहून विमान उतरताना पाहत होते, आणि ती हकिगत त्यांनी मला बरीच रंगवून सांगितली. धावपट्टी अडीच किलोमीटरची. इतकी लांब सपाटी दक्षिण कोकणात सड्याशिवाय कोठे मिळणार? जे जे काही हिरव्या कोकणात मावत नाही ते सड्यावर येते : विमानतळ, चिरेखाणी, देवगडकडच्या पवनचक्क्या. देवगडच्या हापूसची कित्येक कलमेसुद्धा कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून लावलेली आहेत. त्या आंब्याची गोडी गाताना आपण खालच्या सुरुंगाची आठवण ठेवत नाही.

मला चालताना कंटाळा आला असता, पण मामा बोलत होते. एकसारख्या दिसणाऱ्या त्या पसाऱ्यात त्यांना पावलोपावली वेगळे ठिकाण दिसत होते. हा टेंब, ही भरड, येथे पूर्वी नाचणी होत असे, येथे गुरे बसत, येथून व्हाळ निघतो, या दगडावर डहाळी टाकल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्या प्रत्येक ठिकाणाला नाव आहे. ती नावे मी येथे देत नाही. उद्या कोणाच्या तरी माहितीपत्रकात ती बंगल्यांची नावे म्हणून छापली जातील अशी भीती वाटते. मी मनात हिशेब केला, तासाभरात बावीस नावे झाली होती. सातबाऱ्यावर त्या साऱ्यांसाठी एक शब्द आहे.

महसूल खात्याला बोल लावणे सोपे आहे. आपल्या साहित्याच्या खात्यात काय जमा आहे? प्रादेशिक कादंबरीवरचा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारतो, आणि विद्यार्थी 'निसर्ग हेच येथे पात्र आहे' असे वर्षानुवर्षे लिहितात. कोकणच्या संदर्भात हा निसर्ग बहुतेक वेळा आगरात, खाडीत आणि पावसात असतो. सडा आला तरी तो ओलांडण्यापुरता. पात्रे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना त्याच्यावरून जातात, घाम पुसतात, आणि कथानक पुन्हा खाली उतरते. याला मला ठळक अपवाद दिसतो तो चिं. त्र्यं. खानोलकरांचा. 'कोंडुरा' (१९६६) ज्या ठिकाणाच्या नावावर उभी आहे ते ठिकाण खरे आहे. निवतीच्या दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या वाटेवर, जेथे खडकाच्या कपारीत समुद्र शिरून घुमतो. खानोलकरांच्या कोकणात हिरवाईचा दिलासा फार कमी मिळतो. तेथे खडक तापलेला असतो, दुपार माणसाच्या अंगावर येते, आणि रिकामी जागा रिकामी नसते. समीक्षकांनी याला गूढता म्हटले, नियतिवाद म्हटले. मला त्यात भूगोलही दिसतो. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या माणसाने सड्यावरची दुपार पाहिलेली असणार, आणि तिचे वर्णन करायला 'गूढ' हा शब्द फारच सौम्य आहे. हे मत वादग्रस्त ठरेल याची कल्पना आहे. पण वैशाखात बारा वाजता कातळावर उभे राहिल्याशिवाय त्यावर वाद घालू नये, अशी विनंती आहे.

आणि ज्यांनी सड्यावर खरोखरच लिहिले, त्यांचे लेखन आपल्या लिपीत नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या आकृत्या आहेत. त्या कोणी आणि केव्हा कोरल्या याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला आणि त्यात रत्नागिरीतल्या स्थळांबरोबर कुडोपीही आहे. ती पाहताना मला एका गोष्टीचे नवल वाटले होते. त्या लोकांना भिंत हवी होती असे दिसत नाही. त्यांनी पायाखालच्या जमिनीलाच पृष्ठभाग मानले, आणि कित्येक आकृत्या उभ्याने पाहिल्या तर नीट कळत नाहीत, त्यांच्याभोवती फिरावे लागते.

आमच्या तुकड्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. एका बाजूला पडका गडगा, बाकी हद्द मामांच्या बोटाने दाखवलेली. मध्ये एक मोठा चौकोनी खड्डा. कडा सरळ, तळ सपाट, एका कोपऱ्यात उतरायला पायऱ्या. मी विचारले, खाण होती काय?

"तुझ्या आज्यान घर बांदला तेवा हयसून चिरे काडले."

आजोळचे घर मी लहानपणापासून पाहिले आहे. त्याच्या ओसरीवर झोपलो आहे, त्याच्या भिंतीतल्या चिऱ्यांची भोके मोजत ताप काढले आहेत. ते घर कोठून तरी आले असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता. खाली घर आहे आणि येथे त्या घराएवढी पोकळी आहे. मामा म्हणाले, आई लहान असताना येथे गवत कापायला येत असे आणि दुपारी या खड्ड्याच्या कडेच्या सावलीत बसत असे. साऱ्या सड्यावर सावली तेवढीच.

पावसात हा खड्डा भरतो. जून ते सप्टेंबर तळे असते, मग पाणी हळूहळू जाते. कोठे जाते? मामांनी काठीने दक्षिणेकडे, उताराखालच्या माडांच्या शेंड्यांकडे दाखवले. "खाली. आपल्या बांयत."

भूजलशास्त्र यापेक्षा वेगळे काही सांगत नाही, फक्त जास्त शब्दांत सांगते. जांभ्याचा वरचा कवचासारखा थर कठीण असला तरी भेगाळलेला आणि सच्छिद्र असतो. त्याखाली मऊ, चिकण मातीसारखा थर असतो, तो पाणी सहजी खाली सोडत नाही. भेगांतून उतरलेले पाणी या थरावरून सरकत जाते आणि जेथे उतार उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून वाडी उताराच्या पायथ्याशी वसते, म्हणून पोफळी तेथे असतात. बिनआकारी वर्गातला कातळ खालच्या आकारी बागेला पाणी पुरवतो, आणि सातबाऱ्यावर दोघांची पाने वेगळी असल्यामुळे हा व्यवहार कोठेच नोंदला जात नाही. हिरवे तळकोकण वरच्या काळ्या कोकणाचे पाणी पिते, हे मला त्या खड्ड्याच्या कडेला उभे राहून प्रथम दिसले.

सड्याच्या पावसाळ्याविषयी मामा जे सांगत होते ते मी ऐकून आणि वाचून ओळखत होतो. पहिल्या सरीनंतर दिपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या या जांभ्याबाहेर सहसा आढळत नाही. मग गेंद, मग सीतेची आसवे. या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलाचे रोप सूक्ष्म जीव खाऊन जगते, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत पोषण नसते. नावातली सीता आणि मुळाशी असलेले पाश यांची संगती लावायचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. साताऱ्याचे कास पठारही जांभ्याचेच. २०१२ साली ते जागतिक वारसास्थळांत आले आणि आता तेथे फुले पाहायला तिकीट आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या सड्यांना ते भाग्य लाभले नाही. लाभावे काय, याबद्दल माझे मत दर पावसाळ्यात बदलते.

तेथून टोक दहा मिनिटांवर. वाटेत चुन्याने पांढरे केलेले दगड लागले, घरांच्या जागा आखलेल्या होत्या. टोकावर वारा होता आणि खाली सारे एकदम उघडे झाले. उजवीकडे कर्लीचे मुख, त्यापलीकडे नदी आणि समुद्र यांच्यामध्ये निमुळती होत गेलेली देवबागची पट्टी, माडांनी गच्च. पुढे तारकर्ली, आणि उन्हाच्या धुक्यात एक काळी रेघ म्हणजे सिंधुदुर्ग. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू झाले. डावीकडे भोगव्याचा किनारा आणि निवतीच्या किल्ल्याचा डोंगर. समुद्रात दूर दीपगृहाचे खडक. दृश्य सुंदर होते, ते तसे नव्हते असे म्हणण्यात अर्थ नाही. जो कोणी येथे खिडकी उघडेल त्याला रोज हे दिसेल, आणि त्यासाठी तो जी किंमत देऊ करतो आहे ती त्याच्या दृष्टीने वाजवी असेल.

मामा समुद्राकडे पाठ करून बसले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "मामा, इकडे तोंड करून बसा ना."

"दर्यो काय, खयसूनय दिसता," ते म्हणाले. ते आम्ही आलो त्या वाटेकडे पाहत होते.

परतताना विषय निघाला. "विकू नको असा मी म्हणनय नाय," मामा म्हणाले. घराचे छप्पर करायचे आहे, गुडघे धरले आहेत, मुले मुंबईला. सड्यावर यापुढे कोण येणार? यातले काहीही मला खोडून काढता आले नाही. बाहेरून येऊन कातळाचे कौतुक करणाऱ्या भाच्याने ते खोडून काढू नये, असेही वाटले. फक्त घाटी उतरण्यापूर्वी ते गडग्याला टेकून क्षणभर थांबले आणि खालच्या विहिरीला मे अखेरपर्यंत किती हात पाणी असते ते न विचारता सांगितले.

मी अजून संमतीपत्रावर सही केलेली नाही, आणि नकारही कळवलेला नाही. खड्डा आणि त्याच्या दक्षिणेचा उतार एवढा भाग पोटहिस्सा म्हणून मोजून वेगळा ठेवावा, बाकीचे द्यावे, असे पत्र मी इतर अठरा जणांना लिहिले आहे. मध्यस्थ फोनवर हसला; पोटखराब्यातला खड्डा राखून ठेवणारा माणूस त्याला प्रथमच भेटला होता. आतापर्यंत तिघांची उत्तरे आली आहेत. बोरिवलीच्या एका चुलतमामांनी खड्ड्याचे माप विचारले आहे. मी मामांना फोन केला. "घराएवडो," ते म्हणाले. तसेच कळवले आहे.